इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणि प्रकाशीय पदार्थ : नव्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पातळ थरांवर काम करताना आणि शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही विद्यार्थ्यांचे आहेत, काही बातमी वाचून कुतूहल चाळवलेल्या वाचकांचे. काही प्रश्नांमागे कित्येक वर्षांची कहाणी आहे, काहींना चार ओळी पुरतात. एक गोष्ट मात्र बऱ्याच उत्तरांत भेटेल: बातमीत नव्या पदार्थाचं नाव येतं, पण गाडी अडते ती दोन पदार्थ जिथे एकमेकांना भिडतात तिथे.

उपयोजित भौतिकशास्त्र म्हणजे नेमकं काय? ते इंजिनिअरिंगच नाही का?

व्याख्या देण्यापेक्षा निळ्या एलईडीची गोष्ट सांगतो.

लाल एलईडी १९६२ साली आली. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइड हा पदार्थ योग्य आहे, हे नंतर लवकरच लोकांच्या लक्षात आलं होतं. तरी उजळ निळी एलईडी यायला १९९३ उजाडलं. मधली वर्षं गेली ती दोन अडचणींत. पहिली अशी की गॅलियम नायट्राइड ज्याच्यावर वाढवायचं त्या नीलमण्याच्या चकतीशी त्याची अणुरचना जुळत नाही; अंतरात सुमारे १६ टक्क्यांचा फरक पडतो, आणि थर तडकतो किंवा खडबडीत होतो. १९८६ च्या सुमारास अकासाकी आणि अमानो या जपानी संशोधकांनी मध्ये ॲल्युमिनियम नायट्राइडचा एक पातळ थर कमी तापमानाला टाकला आणि त्यावर आरशासारखा गुळगुळीत स्फटिक वाढवला.

दुसरी अडचण जास्त चिवट होती. एलईडीला इलेक्ट्रॉन देणारा आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते) देणारा असे दोन्ही प्रकारचे थर लागतात. मॅग्नेशियम घातलं की होल मिळायला हवेत, पण मिळत नव्हते. १९८९ मध्ये अमानो-अकासाकींना दिसलं की इलेक्ट्रॉनांचा झोत मारला की थर अचानक वाहू लागतो. असं का होतं, ते १९९२ मध्ये नाकामुरा यांनी उलगडलं. थर वाढवताना वापरलेल्या अमोनियातला हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून बसतो आणि त्याला निकामी करतो. नायट्रोजनमध्ये ७०० अंश सेल्सियसच्या वर तापवलं की हायड्रोजन निघून जातो, झोताची गरजच उरत नाही.

आता यात भौतिकशास्त्र कुठे संपलं आणि इंजिनिअरिंग कुठे सुरू झालं? मला ती रेघ कधी सापडलेली नाही. ‘हे का होतंय’ हा प्रश्न आणि ‘हे चालेल असं कसं करू’ हा प्रश्न एकाच टेबलावर, एकाच आठवड्यात पडतात. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं ते भौतिकशास्त्राचं.

बँडगॅप हा शब्द सगळीकडे येतो. तो साध्या शब्दांत सांगाल?

स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांना वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही. खाली भरलेला पट्टा, वर रिकामा पट्टा, आणि मध्ये अशी फट की जिथे इलेक्ट्रॉनला थाराच नाही. ही फट म्हणजे बँडगॅप. इलेक्ट्रॉन वर जाण्यासाठी निदान एवढी ऊर्जा लागते, आणि खाली पडला की साधारण तेवढीच परत मिळते, कधी प्रकाश म्हणून, कधी नुसती उष्णता म्हणून.

एक सूत्र पाठच करून टाका: १२४० ला बँडगॅपने भागा. बँडगॅप इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असेल तर तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. सिलिकॉनचा १.१२, म्हणजे सुमारे ११०० नॅनोमीटर. त्यापेक्षा लांब तरंगांना सिलिकॉन पारदर्शक आहे. गॅलियम नायट्राइडचा ३.४, म्हणजे ३६५ नॅनोमीटर, अतिनील. त्यात इंडियम मिसळलं की फट आकसते आणि रंग निळ्याकडे येतो. हे एवढं भागाकाराचं गणित हाताशी असलं की या क्षेत्रातल्या अर्ध्या बातम्या वाचता येतात.

सिलिकॉन इतकं उपयोगी आहे, मग सिलिकॉनची एलईडी का नसते?

कारण सिलिकॉनमध्ये वरच्या पट्ट्याचा तळ आणि खालच्या पट्ट्याचा माथा एकमेकांच्या समोर येत नाहीत. त्यांचा संवेग वेगळा आहे. खाली उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनला तो फरक भरून काढायला स्फटिकाच्या कंपनाची मदत लागते, आणि फोटॉन व कंपन दोन्ही एकाच क्षणी जुळून येणं दुर्मीळ. तोवर इलेक्ट्रॉन एखाद्या दोषाशी अडकून उष्णता देऊन मोकळा होतो.

२०२० मध्ये आइंडहोव्हनच्या गटाने सिलिकॉन-जर्मेनियमचं मिश्रण नेहमीच्या घनाकृती रचनेऐवजी षटकोनी रचनेत वाढवलं आणि त्यातून खरोखर कार्यक्षम प्रकाश मिळवला. अणू तेच, मांडणी बदलली. मला हा अलीकडच्या काळातला फार सुंदर प्रयोग वाटतो. ही मांडणी नॅनोतारांमध्ये साधली. तिचा सपाट, मोठा थर चिपवर वाढवणं ही वेगळी लढाई आहे.

फोनचे आणि लॅपटॉपचे चार्जर अचानक एवढे लहान कसे झाले?

चार्जरमध्ये जागा खातात ती गुंडाळी आणि धारित्रं. विद्युतप्रवाह सेकंदाला जितक्या जास्त वेळा चालू-बंद कराल तितकी ही मंडळी लहान चालतात. सिलिकॉनच्या जुन्या चार्जरमध्ये हे साधारण ६५ ते १०० किलोहर्ट्झने व्हायचं. वेग वाढवला की सिलिकॉनचा स्विच प्रत्येक चालू-बंदला ऊर्जा वाया घालवतो आणि तापतो. गॅलियम नायट्राइडचा ट्रान्झिस्टर शेकडो किलोहर्ट्झला आरामात चालतो.

हा वेग येतो कुठून? गॅलियम नायट्राइडवर ॲल्युमिनियम-गॅलियम नायट्राइडचा पातळ थर चढवला की दोन्हींतल्या विद्युतध्रुवणाच्या (आतल्या धन-ऋण प्रभारांच्या विभागणीच्या) फरकामुळे त्यांच्या सांध्याशी इलेक्ट्रॉनांचा एक सपाट पापुद्रा आपोआप जमतो, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ वर १३ शून्यं इतके इलेक्ट्रॉन. त्यांच्यासाठी बाहेरून अशुद्धी घालावी लागत नाही, म्हणून त्यांच्या वाटेत अडथळेही कमी. म्हणजे प्रवाह वाहतो तो एका पदार्थात नव्हे, दोन पदार्थांच्या सांध्यात. हर्बर्ट क्रोमर यांनी २००० सालच्या नोबेल व्याख्यानात याच अर्थाचं सांगितलं होतं, की बऱ्याचदा सांधा हेच उपकरण असतं. या विषयात एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर मी हेच सांगेन.

यात एक पेच आहे. हा पापुद्रा काहीही न करता तयार असतो, म्हणजे स्विच मुळातच चालू. वीज गेली, नियंत्रण सुटलं, तरी हा चालूच, ते धोक्याचं. म्हणून गेटखाली, म्हणजे स्विच चालू-बंद करणाऱ्या टोकाखाली, मॅग्नेशियम घातलेल्या गॅलियम नायट्राइडचा थर देतात, तो पापुद्र्याला तेवढ्या भागात पुसून टाकतो. निळ्या एलईडीसाठी ज्या मॅग्नेशियमने छळलं तेच इथे कामाला आलं.

मग इलेक्ट्रिक गाड्यांत सिलिकॉन कार्बाइड का वापरतात?

तिथे व्होल्टेज जास्त आणि उष्णताही जास्त. सिलिकॉन कार्बाइड उष्णता छान वाहून नेतं, आणि त्यात प्रवाह थराला समांतर न वाहता वरून खाली, जाडीतून वाहतो, त्यामुळे मोठे प्रवाह पेलतात. शिवाय त्यावर सिलिकॉनसारखाच ऑक्साइडचा थर वाढवता येतो. पण तो वाढताना सांध्याशी कार्बनशी निगडित दोष राहतात आणि इलेक्ट्रॉन तिथे अडकतात. नायट्रिक ऑक्साइड वायूत तापवलं की यातले बरेच दोष शांत होतात. हा उपाय सापडला नसता तर आजच्या सिलिकॉन कार्बाइड ट्रान्झिस्टरची कामगिरी फार तोकडी राहिली असती.

गॅलियम ऑक्साइड आणि हिरा यांची चर्चा असते. तेच पुढचे का?

दोघांची कहाणी एकमेकांच्या अगदी उलट आहे.

गॅलियम ऑक्साइडचा बँडगॅप सुमारे ४.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. फट जितकी रुंद तितकं पदार्थ फुटण्याआधी विद्युतक्षेत्र जास्त सोसतो. सिलिकॉन सोसतं त्याच्या वीस-पंचवीस पट याने सोसावं असा अंदाज आहे. आणि मोठी गोष्ट म्हणजे याचे स्फटिक वितळलेल्या रसातून ओढून काढता येतात, सिलिकॉनप्रमाणे. पण उष्णता वाहून नेण्यात हा फार मंद. त्याहून मूलभूत अडचण अशी की यातले होल जागच्या जागी स्वतःभोवती जाळीला वाकवून तिथेच रुतून बसतात, त्यामुळे होलवाहक थर मिळतच नाही. म्हणून संशोधक निकेल ऑक्साइडसारखा दुसरा होलवाहक पदार्थ वर चढवून सांधा बनवतात. परत सांधाच.

हिऱ्याचा बँडगॅप ५.५, आणि उष्णता वाहण्यात त्याच्या जवळपास कुणी नाही. पण मोठ्या आकाराची निर्दोष चकती मिळवणं कठीण, आणि इलेक्ट्रॉन देण्यासाठी घातलेला फॉस्फरस आपला इलेक्ट्रॉन इतका घट्ट धरून ठेवतो की खोलीच्या तापमानाला तो सहसा सोडतच नाही. माझं मत विचाराल तर हिरा आधी येईल तो दुसऱ्याच्या ट्रान्झिस्टरखाली उष्णता पसरवणारा थर म्हणून. स्वतः ट्रान्झिस्टर व्हायला त्याला वेळ लागेल.

पेरोव्स्काइट सोलर सेलबद्दल इतका उत्साह का आहे?

पेरोव्स्काइट हे एका विशिष्ट स्फटिकरचनेचं नाव; इथे त्या रचनेचा, शिसं, आयोडाइड आणि सेंद्रिय मूलक यांचा पदार्थ. आकड्यांनीच सुरुवात करू. २००९ मध्ये मियासाका यांच्या गटाने पहिला सेल केला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आणि तो मिनिटांत खराब व्हायचा. २०१२ मध्ये द्रवाऐवजी घन थर वापरून १० टक्क्यांच्या आसपास पोचले. आज लहान सेलमध्ये २६ टक्क्यांच्या पुढे, आणि सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवलेल्या जोडसेलमध्ये ३४ टक्क्यांच्या पुढे प्रमाणित नोंदी आहेत. एका पदार्थाच्या एका सेलची सैद्धांतिक मर्यादा शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ मध्ये मांडली, ती साधारण ३३.७ टक्के. म्हणजे दोन थरांच्या जोडीने ती ओलांडली आहे.

पण हा पदार्थ का भुरळ घालतो ते आकड्यांतून कळत नाही. एकदा तो बनताना बघायला हवा. पिवळसर द्रावणाचे काही थेंब काचेवर टाकायचे, काच मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवायची, आणि फिरत असतानाच नेमक्या सेकंदाला वरून दुसऱ्या द्रावकाची धार सोडायची. दोन सेकंद लवकर की थर ढगाळ, दोन सेकंद उशीर की मधोमध चट्टा. मग काच १०० अंशांच्या तव्यावर ठेवायची. फिकट थर बघता बघता तपकिरी होतो, मग जवळजवळ काळा, आणि त्यात आपला चेहरा दिसू लागतो. सिलिकॉन वितळायला १४१४ अंश लागतात. इथे पाणी उकळण्याच्या तापमानाला सोलर सेलच्या दर्जाचा स्फटिक तयार होतो. यात दोष असतात, भरपूर असतात, पण त्यातले बरेचसे इलेक्ट्रॉनला कैद करतील अशा ऊर्जेवर नसतात. पदार्थ दोष खपवून घेतो.

आता तीच काच दमट हवेत ठेवा. कडेने पिवळी झालर दिसू लागते. ते लेड आयोडाइड: स्फटिकातलं सेंद्रिय मूलक निघून गेलं आणि हे मागे उरलं. पहिल्यांदा ते पाहिल्यावर जो हिरमोड होतो तो या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अनुभवला आहे. गेली कित्येक वर्षं या पिवळ्या झालरीशीच झगडा चालू आहे.

ती खराब का होते? आणि यावर उपाय निघालाय का?

ओलावा हे एक कारण, आणि चांगल्या सीलबंद आवरणाने त्याला बरंच रोखता येतं. आतली कारणं जास्त अवघड आहेत. या स्फटिकातले आयोडाइडचे आयन हलते आहेत. प्रकाश आणि व्होल्टेज मिळालं की ते सरकतात, सांध्यांशी जमतात, धातूच्या संपर्कापर्यंत जाऊन त्याला खातात. आयोडाइड आणि ब्रोमाइड मिसळून बँडगॅप बदलायला गेलं तर प्रकाशात ते वेगवेगळ्या भागांत विभागतात. हे २०१५ मध्ये स्पष्ट दिसलं. अंधारात ठेवलं की परत मिसळतात, हे त्यातलं नवल.

अलीकडची मोठी झेप सांध्यांमुळेच आली. पारदर्शक विद्युताग्रावर एका रेणूइतक्या जाडीचा थर, एका टोकाने ऑक्साइडला धरणारा आणि दुसऱ्या टोकाने पेरोव्स्काइटकडून होल घेणारा, यामुळे कार्यक्षमता आणि टिकाऊपणा दोन्ही वाढले. पॅनेलांसाठी ८५ अंश सेल्सियस, ८५ टक्के आर्द्रता आणि १००० तास ही एक ठरलेली चाचणी आहे, आणि ती पार केल्याचे अहवाल येत आहेत. तरीही छतावरची पंचवीस वर्षं ही वेगळी परीक्षा. दिवसा तापणं, रात्री निवणं, आयन पुढे जाणं आणि मागे येणं, हे हजारो वेळा. शिशाचा प्रश्नही आहे. कथिलाने त्याची जागा घ्यावी तर कथिलाचं सहज ऑक्सिडीकरण होतं. मला या पदार्थाविषयी मनापासून आशा आहे, पण सिलिकॉनच्या जागी म्हणून नाही, सिलिकॉनच्या डोक्यावर बसलेला सोबती म्हणून.

कार्यक्षमतेचा विक्रम वाचला की काय तपासावं?

आधी सेलचं क्षेत्रफळ. चौरस सेंटिमीटरचा दहावा भाग एवढ्या सेलवरचा विक्रम आणि हातभर पॅनेल यांत मोठा फरक आहे. मग बघा की मोजणी स्वतंत्र प्रयोगशाळेने प्रमाणित केली आहे का, आणि व्होल्टेज चढतं नेताना व उतरतं आणताना दोन्ही वक्र दिले आहेत का. पेरोव्स्काइटमध्ये आयन सरकत असल्याने उतरता वक्र बऱ्याचदा जास्त गोड आकडा देतो. कमाल शक्तीच्या बिंदूवर सेल तासन्‌तास धरून ठेवून मिळालेला आकडा जास्त विश्वासाचा. शिवाय एकाच ‘सर्वोत्तम’ सेलऐवजी तीस-चाळीस सेलांचा विखुरलेला आलेख दिला असेल तर त्या गटाबद्दल माझा आदर लगेच वाढतो.

क्वांटम डॉटचा रंग आकारावर कसा ठरतो?

क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचा अर्धवाहक कण. इलेक्ट्रॉनला अशा लहान खोलीत कोंडलं की त्याची किमान ऊर्जा वाढते. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे ६ नॅनोमीटरचा कण लाल चमकतो, २ नॅनोमीटरचा निळसर. पदार्थ तोच. एकिमॉव्ह यांनी हे रंगीत काचेत पाहिलं, ब्रूस यांनी द्रावणात, आणि १९९३ मध्ये बावेंडी यांनी सगळे कण एकसारख्या मापाचे बनवण्याची रीत दिली. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. कणाच्या पृष्ठभागावरचे मोकळे बंध प्रकाश गिळतात, म्हणून त्यावर झिंक सल्फाइडचं कवच चढवतात. टीव्हीत ज्याला क्वांटम डॉट म्हणतात त्यात बहुधा मागून निळी एलईडी असते आणि हे कण तिचा काही प्रकाश हिरव्या-लाल रंगात बदलतात. विजेने थेट चमकणाऱ्या डॉटमध्ये निळा रंग टिकवणं हे अजून चालू काम आहे.

ग्राफीनला २० वर्षं झाली. त्याची चिप कुठे आहे?

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. त्यात इलेक्ट्रॉन सुसाट धावतात, पण त्याला बँडगॅपच नाही. स्विच बंद करायचा म्हटलं तर बंद होत नाही. अंकीय चिपसाठी ही मूळचीच उणीव आहे, कष्ट कमी पडले असं नाही. एका अणूइतका जाड असूनही ग्राफीनचा एक थर दृश्य प्रकाशाचा २.३ टक्के भाग शोषतो, त्यामुळे प्रकाशसंवेदक आणि प्रकाश-नियामक यांत तो जास्त शोभतो.

स्विचसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडकडे बघा. जाड असताना त्याचा बँडगॅप सिलिकॉनसारखा वाकडा, अप्रत्यक्ष. एकच थर उरला की तो थेट होतो आणि थर चमकू लागतो. हे २०१० मध्ये दिसलं. एकच थर उरला आहे हे ओळखायचं कसं? रामन वर्णपटात, म्हणजे पदार्थावरून रंग बदलून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात. याच्या दोन शिखरांमधलं अंतर जाड तुकड्यात २५ च्या आसपास असतं, एका थराला १८-१९ वर येतं, प्रति सेंटिमीटर या एककात. १९२८ मध्ये रामन यांनी शोधलेला परिणाम आज एका थराची मोजणी करतो, आणि पडद्यावर ती दोन शिखरं जवळ आलेली दिसली की होणारा आनंद काही वेगळाच.

इथेही अडलं ते धातू आणि थर यांच्या भेटीत. धातू टेकवला की फटीत नको त्या ऊर्जापातळ्या उगवतात आणि इलेक्ट्रॉनला आत शिरताना डोंगर चढावा लागतो. २०२१ मध्ये बिस्मथ वापरून हा डोंगर जवळजवळ सपाट केला गेला. संपर्करोध १२३ ओहम-मायक्रोमीटरपर्यंत उतरला. बिस्मथ हा अर्धधातू, त्याच्याकडे त्या ऊर्जेवर देण्यासारख्या पातळ्याच फार कमी, म्हणून तो थराला बिघडवत नाही. नव्या ‘आश्चर्यकारक’ पदार्थाच्या दहा बातम्यांपेक्षा मला हा एक निबंध मोलाचा वाटतो.

मेंदूसारख्या स्मृतिचिप म्हणतात त्यात नवं काय आहे?

बरेच पर्याय शर्यतीत आहेत. माझं लक्ष हाफ्नियम ऑक्साइडवर आहे. हा थर २००७ पासून प्रोसेसरच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेटखाली वापरात होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालं की थोडं सिलिकॉन मिसळून, वर धातूचं झाकण ठेवून तापवला तर १० नॅनोमीटरचा हाच थर फेरोविद्युत होतो, म्हणजे वीज काढली तरी दिशा लक्षात ठेवतो. फेरोविद्युत पदार्थ पातळ केले की सहसा हा गुण गमावतात. हा पातळ असतानाच दाखवतो. कारखान्याला ओळखीचा पदार्थ नवा गुण घेऊन आला, हे भाग्य क्वचित लाभतं. पुन्हा पुन्हा दिशा फिरवल्यावर मात्र थकवा येतो, आणि त्यामागे विद्युताग्राच्या सांध्याशी जमणाऱ्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा मोठा हात आहे.

प्रकाशावर चालणारा संगणक येणार का?

आकडेमोड पूर्ण प्रकाशात करणं अवघड आहे, कारण फोटॉन एकमेकांना ओलांडून सहज निघून जातात. एकाने दुसऱ्याला थांबवावं तर मध्ये पदार्थ लागतो आणि तो परिणाम दुबळा असतो. पण याच स्वभावामुळे माहिती वाहून न्यायला प्रकाशासारखं कुणी नाही. खरा बदल तिथे घडतो आहे: चिपपासून चिपपर्यंत तांब्याच्या तारेऐवजी प्रकाश.

त्यासाठी विजेचा संकेत प्रकाशावर चढवणारा नियामक हवा. लिथियम नायोबेट हा यातला जुना जाणता. व्होल्टेज दिलं की त्याचा अपवर्तनांक लगेच बदलतो. पूर्वी त्याची उपकरणं काही सेंटिमीटर लांब असत आणि त्यांना बरंच व्होल्टेज लागे. आता त्याचा मायक्रोमीटरहून पातळ थर ऑक्साइडवर चिकटवून त्यात प्रकाशवाट कोरतात. प्रकाश छोट्या जागेत कोंडला जातो, विद्युताग्रं जवळ आणता येतात, आणि २०१८ मध्ये साध्या चिपला परवडतील अशा व्होल्टेजवर चालणारे नियामक दाखवले गेले. या कामात भिंतीचा खडबडीतपणा हाच शत्रू. कोरलेली कड काही नॅनोमीटरने दातेरी राहिली तरी प्रकाश विखुरतो.

मेटालेन्स नेहमीच्या भिंगाची जागा घेईल?

काही ठिकाणी घेईल. सपाट काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे सुमारे ६०० नॅनोमीटर उंच खांब, प्रत्येकाचा आकार किंवा वळण वेगळं, आणि त्यातून प्रकाशाची कला (तरंगाची फेज) हवी तशी वळवायची. दृश्य प्रकाशात हे २०१६ मध्ये उत्तम साधलं. एका रंगापुरतं काम असेल, जसं लेसरने अंतर मोजणं, तर तो छान बसतो. सगळे रंग एकाच बिंदूवर आणायचे आणि भिंगही मोठं हवं म्हटलं की ओढाताण सुरू होते. चांगल्या कॅमेऱ्यातली काच एवढ्यात कुठे जात नाही.

पोकळ ऑप्टिकल फायबर म्हणजे काय? काचेशिवाय प्रकाश टिकतो?

१९६६ मध्ये काओ यांनी सांगितलं की काचेतली अशुद्धी काढली तर किलोमीटरला २० डेसिबलच्या आत येता येईल. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर फक्त १ टक्का प्रकाश उरतो, आणि तेवढंसुद्धा त्या काळी धाडसाचं वाटत होतं. आज नेहमीच्या फायबरमध्ये हा आकडा ०.२ च्या आसपास आहे. प्रकाश निम्मा व्हायला १५ किलोमीटर लागतात. त्याखाली फारसं जाता येत नाही, कारण काच गोठतानाच तिच्या घनतेत बारीक चढउतार राहतात आणि त्यावर प्रकाश विखुरतो.

मग काचच का वापरायची? फायबरचा गाभा पोकळ ठेवून भोवती एकात एक अशा अतिपातळ भिंतींच्या काचनळ्या लावल्या, की प्रकाश त्या भिंतींना जवळजवळ न शिवता हवेतून जातो. २०२५ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी ०.०९१ डेसिबल प्रति किलोमीटर जाहीर केलं. म्हणजे निम्मा व्हायला ३३ किलोमीटर. शिवाय हवेत प्रकाश काचेपेक्षा जवळपास दीडपट वेगाने जातो. अर्ध्या शतकाहून जास्त काळ टिकलेली काचेची सद्दी अशी एका पोकळीने मोडावी, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

खोलीच्या तापमानाला अतिवाहक सापडल्याची बातमी आली होती. तिचं काय झालं?

अतिवाहक म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणारा पदार्थ. जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या गटाने एलके-९९ या नावाने तांबं मिसळलेल्या शिशाच्या ॲपेटाइटबद्दल दावा केला. काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तो करून पाहिला. सुमारे १०४ अंशांना रोध एकदम पडतो, हा दाव्याचा मुख्य आधार होता. पण नमुन्यात क्युप्रस सल्फाइड उरलेलं होतं आणि त्या तापमानाला त्याचीच रचना बदलते. स्टुटगार्टमधल्या माक्स प्लांक संस्थेत शुद्ध एकस्फटिक वाढवले, तर ते जांभळट, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक निघाले. चुंबकावर अर्धवट तरंगणंही साध्या चुंबकत्वाने समजावता आलं.

यात हसण्यासारखं काही नाही. दावा खुला होता, कृती दिलेली होती, म्हणूनच तो इतक्या लवकर तपासता आला. अतिवाहकतेचा दावा वाचताना रोध खरोखर शून्य आहे का आणि चुंबकीय क्षेत्र आतून बाहेर फेकलं जातं का, या दोन्ही गोष्टी एकाच नमुन्यात बघाव्यात.

शोधनिबंध कसा वाचावा? सुरुवात कुठून करू?

आकृत्यांपासून. सारांश लेखकाचं म्हणणं सांगतो, आकृती काय मोजलं ते सांगते. अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर १९९१ पासून मसुदे मोफत मिळतात, त्यामुळे महागड्या नियतकालिकाशिवायही भरपूर वाचता येतं.

एक उदाहरण देतो. बँडगॅप काढायला टाउक आलेख काढतात: शोषणाचा वक्र, त्याच्या सरळ भागावर रेघ, रेघ अक्षाला छेदते तो आकडा. आता रेघ वक्राच्या कुठल्या भागावर टेकवली ते बघा. पट्टी जरा तिरकी धरली की ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट इकडचं तिकडे होतं. बँडगॅप थेट असल्याचं गृहीत धरून घातांक निवडलाय की अप्रत्यक्ष, तेही बघा. चुकीचा घातांक घेतला तरी रेघ कुठेतरी बसतेच. ‘३.२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट’ असा दोन दशांशांचा आकडा दिसला की मी आधी ती रेघ शोधतो.

या क्षेत्रात यायचं तर काय शिकायला हवं?

पुंजयामिकीचा पाया आणि घन-अवस्था भौतिकशास्त्र हवंच. थोडं रसायनशास्त्र, थोडं प्रोग्रामिंग. आणि पृष्ठभाग स्वच्छ करायला मनापासून शिका. साबण, आयनमुक्त पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकात अल्ट्रासोनिक पात्रात काही मिनिटं, मग नायट्रोजनच्या झोताने सुकवणं, शेवटी अतिनील-ओझोन. काच दिव्याखाली तिरकी धरून बघायची. एखादा ओघळ सुकल्याचा डाग दिसला तर पहिल्यापासून सुरुवात. शेवटी पाण्याचा एक थेंब टाकून पाहायचा. तो गोल मण्यासारखा बसला तर काचेवर अजून तेलकट काहीतरी आहे. तो लगेच पसरून काचेवर दिसेनासा झाला, तर पुढचा थर टाकायला हरकत नाही.